कोबे : डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक दिवस

जपानमधील कोबे शहरात कोणाला वाट विचारली, तर उत्तरात पूर्व-पश्चिम क्वचितच येते. ‘डोंगराकडे जा’ किंवा ‘समुद्राकडे वळा’ एवढेच सांगितले जाते. मोठ्या दुकानांच्या दारांवरही डोंगराची बाजू आणि समुद्राची बाजू अशाच पाट्या असतात. उत्तरेस रोक्को पर्वताची रांग, तिचे सर्वोच्च शिखर ९३१ मीटरचे. दक्षिणेस ओसाकाचा उपसागर. आणि या दोहोंमधील चिंचोळ्या पट्टीत वसलेले सुमारे पंधरा लाखांचे हे शहर. येथील प्रत्येक उभा रस्ता एक तर चढतो, नाही तर उतरतो. तरुण पायांना ही मौज वाटते. गुडघे थकलेल्या माणसाला मात्र तोच रस्ता परीक्षा पाहणारा ठरतो.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून ओसाका येथे मुलाकडे आलेल्या शहात्तर वर्षांच्या एका आजींची इच्छा एकच होती. परदेशी आल्यासारखे कोबेच्या जिनमंदिराचे दर्शन घडावे. ओसाकाहून कोबे आगगाडीने अर्ध्या तासाच्याही आत येते आणि जपानच्या आगगाड्यांचा वक्तशीरपणा सर्वश्रुत आहे. परंतु स्थानकांतील जिने, फलाटांवरील चाल आणि मंदिरापर्यंतची चढण हे सारे आजींच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. म्हणून मुलाने दिवसभरासाठी चालकासह खासगी मोटार ठरविली. आजींना हे रुचले नाही. “एवढा खर्च कशाला रे? माझे पाय काही पळून गेले नाहीत,” असे त्या दोनदा म्हणाल्या. सुनेने त्यांची शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि विषय तेथेच संपला.

हिरव्या पाटीची मोटार

जपानमध्ये चालकासह ठरविलेल्या अशा मोटारीला ‘हायया’ म्हणतात. मूळ इंग्रजी ‘हायर’ शब्दाचेच हे जपानी रूप. प्रवासी वाहून नेणाऱ्या अधिकृत मोटारीची क्रमांकपाटी हिरवी असते आणि तिच्या चालकाजवळ वेगळा, दुसऱ्या वर्गाचा परवाना असावा लागतो. पांढऱ्या पाटीच्या घरगुती मोटारीतून परवानगीशिवाय पैसे घेऊन प्रवासी नेणे बेकायदा आहे. स्वस्त पडते म्हणून काही परदेशी प्रवासी तशा मोटारी घेतात. अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण मिळेलच असे नाही, याचा विचार त्या वेळी सुचत नाही. अधिकृत मोटारीचे भाडे तासांवर ठरते. द्रुतगती मार्गाचा पथकर आणि वाहनतळाचे पैसे बहुधा वेगळे द्यावे लागतात. कोठे जायचे, किती वेळ थांबायचे, बरोबर वृद्ध माणूस आहे काय, हे आधीच कळवावे लागते. एकदा ते कळविले, की ठरल्याप्रमाणेच सारे पार पडते.

नोव्हेंबरच्या अखेरीची ती सकाळ होती. ठरलेली वेळ साडेआठची. मोटार आठ वाजून वीस मिनिटांनीच दाराशी येऊन उभी होती. चालक साठीच्या घरातील, गडद रंगाचा पोशाख, हातांत शुभ्र मोजे. त्याने वाकून नमस्कार केला, मोटारीचे सरकते दार उघडले आणि आजींच्या पायांपुढे एक लहानसा लाकडी पाट ठेवला. कोणी काही सांगण्याआधीच त्याने ओळखले होते, की मोटारीची पायरी त्यांना उंच पडेल. आजी बसल्यावर तो पाट पुसून मागे ठेवला गेला. पुढे दिवसभरात तो पाट किती वेळा निघाला आणि पुसून परत ठेवला गेला, याची गणती राहिली नाही.

तेरा वर्षांची नात जपानी शाळेत शिकते. त्या दिवशी दुभाष्याचे काम तिच्याकडे होते. चालकाला ती ‘उन्तेन्शु-सान’ म्हणे, म्हणजे चालकमहोदय. तो आजींना ‘ओबाआसामा’ म्हणे. आजीसाठी जपानीत जितका आदर दाखविता येईल, तितका त्या शब्दात होता. मोटार सुरू होताच आजींनी पहिला प्रश्न विचारला, “यांनी सकाळी काही खाल्लंय का?” नात हसली, पण तिने विचारले. चालकानेही हसून मान लवविली. होय, भात आणि सूप घेऊनच तो निघाला होता.

जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. तेवढे सोडले, तर सारे वेगळे. दीड तासात कर्णा एकदाही वाजला नाही. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी आली, की फाटक उघडे असले तरी प्रत्येक चालकाला पूर्ण थांबून डावी-उजवीकडे पाहावेच लागते; तसा कायदाच आहे. १९६२ पासून दुसराही एक कायदा आहे. मोटार ठेवण्यासाठी रस्त्याबाहेर स्वतःची जागा असल्याचे दाखविल्याशिवाय बहुतेक ठिकाणी मोटार बाळगता येत नाही. त्यामुळे घरांपुढील अरुंद गल्ल्या मोकळ्या राहतात आणि चालणाऱ्याला पाऊल टाकायला जागा मिळते. आजींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, “बरं आहे. वस्तू घेण्याआधी ती ठेवायची कुठं, ते आधी सांगायचं.” परिग्रहाच्या मर्यादेविषयी त्यांना यापेक्षा अधिक काही बोलायचे नव्हते.

उड्डाणमार्गावरून

ओसाकाहून कोबेकडे जाणारा हानशिन द्रुतगती मार्ग घरांच्या छपरांच्या उंचीवरून धावतो. कोबेच्या पूर्व भागात शिरताना मुलाने खिडकीबाहेर बोट दाखविले. याच भागात १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी हा उंच मार्ग सहाशे मीटरहून अधिक लांबीपर्यंत एका कुशीवर कोसळला होता. खांब मुळापासून कलले आणि वरचा रस्ता आडवा झाला. त्या उलथलेल्या रस्त्याचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले होते. भूकंपाची तीव्रता ७.३ होती. त्यात ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. हा मार्ग पुन्हा पूर्णपणे वाहता व्हायला १९९६ चा सप्टेंबर संपावा लागला.

सर्वाधिक बळी घरांनीच घेतले. जुनी लाकडी घरे आणि त्यांवर जड कौलांचे छप्पर. वादळवाऱ्यात छप्पर उडू नये म्हणून ते जड ठेवण्याची तेथील पूर्वापार रीत होती. जमीन हलली, तेव्हा तेच वजन झोपलेल्या माणसांवर आले. मुलगा हे सांगत असता आजी खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांनी काही विचारले नाही. हातातील जपमाळेचे मणी मात्र काही क्षण थांबले होते. चालकाचेही लक्ष रस्त्यावरच होते.

कितानोच्या चढणीवर

कोबेचे बंदर परदेशी व्यापारासाठी १८६८ मध्ये खुले झाले. विलायती व्यापाऱ्यांनी डोंगराच्या पायथ्याशी, कितानो भागात, आपली घरे बांधली. वाऱ्याची दिशा दाखविणारा कोंबडा माथ्यावर मिरविणारे १९०९ चे विटांचे घर आजही तेथे पाहावयास मिळते. १९३५ मध्ये उभी राहिलेली जपानमधील पहिली मशीद याच परिसरात आहे. भारताशी या बंदराचा संबंधही जुना आहे. १८९३ मध्ये जपानी जहाज कंपनीची मुंबईपर्यंतची नियमित जलवाहतूक कोबेहून सुरू झाली. मुंबईचा कापूस येथे उतरू लागला. पुढे १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील पुष्कळ भारतीय व्यापारी कोबेला येऊन स्थिरावले. येथे मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आणि त्या व्यापारात जैन कुटुंबेही आली. त्यांच्या श्रद्धेतून १९८५ मध्ये कितानोत भगवान महावीरस्वामींचे मंदिर उभे राहिले.

कितानोच्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि उभ्या, की दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागते. चालकाने दोनदा गाडी मागे घेतली आणि दोन्ही वेळा समोरच्याला वाकून अभिवादन केले. वळणावर येताच विटांच्या आणि काँक्रीटच्या घरांमध्ये एकदम शुभ्र संगमरवराचे कोरीव शिखर दिसले. आजींनी हात जोडले. मोटार थांबण्याआधीच त्यांचा णमोकार सुरू झाला होता.

मंदिर श्वेतांबर आम्नायाचे, आजी दिगंबर. गावाकडील मंदिरातील वीतराग दिगंबर मूर्तीची त्यांच्या डोळ्यांना सवय. येथील मूर्तीचे नेत्र आणि अलंकार वेगळे. नातीने हळूच विचारले, “आजी, हे आपलंच मंदिर ना?” आजी म्हणाल्या, “महावीर का दोन असतात?” आणि त्या भिंतीला हात टेकत बसल्या. कोरीव खांबांच्या मधून आलेला सकाळचा प्रकाश फरशीवर पडला होता. भारतातून हजारो किलोमीटर दूर, बंदराच्या या गावात, कोणी तरी रोज सकाळी येथे प्रक्षाल करते, दिवा लावते. दुकानाच्या चिंतेपलीकडे जाऊन काही कुटुंबांनी हे उभे केले आणि जपले. आजी तेथे पाऊण तास बसल्या. घड्याळ कोणीही पाहिले नाही.

बाहेर आल्यावर मुलाने मोत्यांच्या व्यापाराची हकीकत सांगितली. रोक्को पर्वतावरून परावर्तित होणारा मऊ उजेड मोती निवडायला उत्तम, असे येथे मानले जाते. आजींनी ऐकून घेतले आणि मग विचारले, “पण मोती म्हणजे शिंपल्यातल्या जिवाचं ना रे?” मुलाजवळ उत्तर नव्हते. व्यापाराने दिलेल्या धनातून मंदिर उभे राहते आणि त्याच व्यापाराविषयी मनात प्रश्नही उभा राहतो. दोन्ही खरेच आहे. आजींनी तो प्रश्न पुढे ताणला नाही. पण गिळूनही टाकला नाही.

चालक मोटारीबाहेर उभा होता. थंडी असूनही तो आत बसला नव्हता. पाट जमिनीवर आधीच ठेवलेला होता.

बंदर आणि पूल

बंदरावरील मेरिकेन उद्यानात भूकंपाने मोडलेला धक्का सुमारे साठ मीटर लांबीचा तसाच राखून ठेवला आहे. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात खचलेले, दिव्याचे खांब तिरपे. त्याच्या अवतीभवती नवे, सरळ, लखलखीत बंदर आहे. सारे दुरुस्त करणे शक्य असताना एवढा तुकडा मोडकाच ठेवावा, हे या शहराने जाणीवपूर्वक ठरविले. नातीच्या शाळेची सहल येथे येऊन गेली होती. येथील मुलांना भूकंपात मेजाखाली कसे शिरायचे, डोके कसे झाकायचे, हे लहानपणापासून शिकवितात.

जेवणाची व्यवस्था आधीच दूरध्वनीवर करून ठेवली होती. कोबेचे नाव जगभर गोमांसासाठी घेतले जाते. चौकाचौकांत त्याच्या पाट्या दिसतात आणि शाकाहारी माणसाला मान खाली घालून चालावेसे वाटते. त्याहून अवघड म्हणजे न दिसणारे पदार्थ. माशाचा अर्क असलेले ‘दाशी’ नावाचे पाणी सूपात, भाजीत, चटणीतही असते. बौद्ध मठांच्या परंपरेतील शाकाहारी जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असतो. पण मुळा आणि कमळाचे कंद चालतात. तेव्हा ‘शाकाहारी’ एवढा शब्द जैन प्रवाशाला पुरत नाही. काय नको ते एकेक सांगावे लागते. भारतीय उपाहारगृहात कांदा, लसूण, बटाटा यांविना डाळ, भात आणि कोबीची भाजी मिळाली. आजींनी पुन्हा विचारले, “चालक कुठं जेवणार?” तो आपली वेळ सांभाळून जेवेल, त्याच्याकडे डबा आहे, असे नातीने सांगितले. तेव्हा कोठे त्यांनी घास घेतला.

दुपारी मोटार पश्चिमेस माइकोकडे निघाली. तेथून आकाशी सामुद्रधुनी ओलांडणारा झुलता पूल दिसतो. एकूण लांबी ३,९११ मीटर, मनोरे समुद्रापासून जवळजवळ ३०० मीटर उंच. १९९५ च्या भूकंपाचे केंद्र याच सामुद्रधुनीजवळ होते. तेव्हा पुलाचे मनोरे उभे होते, दोर ताणले गेले होते. मात्र रस्ता लटकवायचा होता. पुलाच्या मधल्या गाळ्याची लांबी १,९९० मीटर योजलेली होती. भूकंपाने खालची जमीनच सरकली आणि ते अंतर सुमारे एका मीटरने वाढले. अभियंत्यांनी पुढचा भाग नव्या मापाने आखला आणि ५ एप्रिल १९९८ रोजी पूल खुला झाला. त्याची लांबी आज १,९९१ मीटर अशी सांगितली जाते. त्यातला शेवटचा मीटर भूकंपाचा आहे.

या दिवसांत कोबेचा सूर्य पाचाच्या दहा मिनिटे आधीच मावळतो. आजींचा नियम सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी आहार-पाणी आटोपण्याचा. म्हणून चारच्या आत सारे उरकायचे होते. समुद्रकाठच्या बाकावर सुनेने डबा उघडला. दशम्या, मुगाचे लाडू, कोमट पाणी. आजींनी आधी दोन दशम्या आणि एक लाडू स्वच्छ कागदात बांधला आणि नातीजवळ दिला. “त्या भाऊंना दे.”

जपानमध्ये बक्षिसी देण्याची रीत नाही. पैसे पुढे केले, तर चालक अवघडून जातो. त्याने प्रथम नकारार्थी मान हलविली. नात म्हणाली, हे पैसे नव्हेत, आजीच्या हातचे आहे. मग त्याने मोजे काढले, दोन्ही हात पुढे करून ती पुडी घेतली आणि कपाळापर्यंत उंचावली. कामाच्या वेळेत तो खाणार नव्हता. पुढच्या आसनाशेजारी रुमाल अंथरून त्यावर त्याने ती ठेवली.

नागाता

परतीच्या वाटेचा विचार ठरला होता. सुवायामाच्या टेकडीवरून शहराचे दिवे पाहायचे. कोबेची रात्र जपानमधील सर्वांत देखण्या तीन रात्रींपैकी एक मानली जाते आणि रात्री न जेवणाऱ्या कुटुंबाला तर संध्याकाळ मोकळीच असते. मोटार सुमा ओलांडून नागाता भागात आली. नातीला तेथील लोखंडी यंत्रमानवाचा प्रचंड पुतळा पाहायचा होता. चित्रकथेतील हा नायक २००९ मध्ये, भूकंपाने खचलेल्या वस्तीला पुन्हा गजबज यावी म्हणून, उद्यानात उभारला गेला. नात धावत जाऊन पाहून आली. तोवर आजी खिडकीतून रुंद, सरळ रस्ते आणि नव्या इमारती पाहत होत्या.

“इथं काय झालं होतं?” त्यांनी विचारले.

नातीने परत येऊन प्रश्न पोहोचविला. चालकाने क्षणभर उत्तर दिले नाही. मग तो रस्त्याकडेच पाहत थोडे थोडे बोलू लागला आणि नात एकेक वाक्य मराठीत आणू लागली. येथे अरुंद गल्ल्या होत्या. लाकडी घरे आणि पादत्राणांचे छोटे कारखाने. भूकंपानंतर आगी लागल्या. जमिनीखालचे नळ फुटल्यामुळे बंबांना पाणी मिळेना. त्याचे घर याच भागात होते. तो तेव्हा तिशीचा होता. तो बाहेर निघाला. वडील छपराखाली होते. आवाज येत होता. मग आग आली.

एवढे सांगून तो नातीला म्हणाला, ग्राहकांना असे काही सांगणे योग्य नाही, क्षमा असावी.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी नातीला सांगितले, “त्यांना सांग, आमचं घर माळवदाचं होतं.”

हे नातीलाही नवे होते. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या परिसरात पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गावोगाव गणपतींचे विसर्जन झाले होते आणि दशलक्षण पर्वाचा तो शेवटचा दिवस होता. आजींच्या धाकट्या बहिणीने उपवास केला होता. सकाळी पारणे व्हायचे होते. पारण्यासाठी मूग रात्रीच भिजत घातले होते.

“तिचं पारणं झालं नाही,” आजी म्हणाल्या.

नातीने हे वाक्य जपानीत कसे सांगितले, हे आईवडिलांना कळले नाही. उपवासासाठी शब्द सापडेना म्हणून ती दोनदा अडखळली. चालकाने मोटार वाहनतळावर हळूच बाजूला घेतली, इंजिन बंद केले, मागे वळला आणि खोल वाकून नमस्कार केला. कोणाही प्रवाशाला तो इतका वेळ मागे वळून पाहत नसेल. दोन्ही भूकंपांत पंधरा-सोळा महिन्यांचे अंतर होते. दोन्हीकडे पहाट होती आणि दोन्हीकडे माणसांना त्यांच्याच घरांच्या वजनाने गाठले होते.

दिव्यापाशी

महापालिकेच्या इमारतीशेजारी हिगाशी युएन्ची नावाचे उद्यान आहे. दर वर्षी १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी शहरातील माणसे तेथे दिवे लावून उभी राहतात. २००० सालापासून तेथे काचेच्या पेटीत एक ज्योत अखंड तेवत आहे. भूकंपग्रस्त गावांतून आणि जपानच्या सर्व सत्तेचाळीस प्रांतांतून आणलेल्या अग्नीतून ती प्रज्वलित केली गेली. भूकंपानंतर देशभरातून दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक कोबेकडे धावले होते. जपानमधील स्वयंसेवेचे युग त्या वर्षापासून सुरू झाले, असे तेथे मानतात आणि १७ जानेवारी हा दिवस आता सरकारी पातळीवर आपत्ती-निवारण आणि स्वयंसेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. आजींच्या भाषेत याला वैयावृत्त्य म्हणतात.

मुलाने या ज्योतीविषयी सांगितले आणि विचारले, “आई, टेकडीवर जायचं की इथं? दोन्हीला वेळ पुरणार नाही. मोटारीचे तास संपत आलेत.”

“दिवे काय, खालूनही दिसतात,” आजी म्हणाल्या. “इथंच थांबू.”

मोटार वाहनतळात उभी राहिली. पाट निघाला. आजी नातीचा हात धरून सावकाश ज्योतीपर्यंत गेल्या. काचेआड एक लहान ज्योत होती. वारा होता, पण ती हलत नव्हती. आजींनी डोळे मिटले. परत येताना त्यांना दिसले, की चालक मोटारीजवळच उभा आहे, हात पुढे जुळवून, नजर खाली.

“हे आत येत नाहीत का?”

नातीने विचारले. तो म्हणाला, कामावर असताना मोटार सोडून जाता येत नाही. पाहुण्यांना येथे आणतो, पुष्कळदा आणतो. आत जायचे ते सुटीच्या दिवशी.

आजी मोटारीत जाऊन बसल्या, शाल नीट केली आणि म्हणाल्या, “त्यांना सांग, भाऊ, गाडीकडे आम्ही बघतो. तुम्ही जाऊन या.”

मुलगा काही बोलणार होता. चालकाच्या कंपनीचे नियम असतील, त्याची पंचाईत होईल, असे त्याला वाटले. परंतु चालकाने टोपी काढून आसनावर ठेवली होती. त्याने एकदा मोटारीकडे, एकदा आजींकडे पाहिले आणि तो रस्त्याच्या कडेने, दिवसभरात प्रथमच कोणाच्याही पुढे किंवा मागे न राहता, एकटा चालत गेला. उद्यानातील दिव्यांत त्याची पाठ काही वेळ दिसत होती. मोटारीत कोणी बोलले नाही. आजींची जपमाळ पुन्हा सुरू झाली होती. सकाळपासून त्याने जसे वाट पाहिली, तशी आता त्या चौघांनी पाहिली.

पंधरा मिनिटांनी तो आला. मोजे चढवून त्याने वेळेची नोंदवही काढली आणि मुलाला दाखविली. ती पंधरा मिनिटे भाड्याच्या तासांत लिहिलेली नव्हती. ती माझी होती, एवढेच तो म्हणाला.

ओसाकाला पोहोचेपर्यंत सात वाजून गेले होते. डावीकडे डोंगरावर आणि उजवीकडे समुद्रावर दिवेच दिवे होते. आजी म्हणाल्या तसे ते खालूनही दिसत होते. घराच्या दाराशी पाट शेवटचा निघाला. चालकाने सर्वांना नमस्कार केला. रुमालावरची पुडी अजून तशीच होती. ती घरी नेऊन पत्नीबरोबर खाईन, असे त्याने सांगितले.

आजींनी जिन्याचा कठडा धरला होता. त्या वळल्या.

“त्यांना म्हणावं, आजच खा. उद्यावर ठेवू नका.”

नात गोंधळली. “आजी, पण आता रात्र झाली.”

“नियम माझा आहे, त्यांचा नाही,” आजी म्हणाल्या. “उपाशी झोपू नका म्हणावं.”